व्हीएचा क्लेम आणि पायलटचं मेडिकल: दोन्ही फायलींत हकीकत एकच हवी

मागच्या हिवाळ्यात एक मराठी मुलगा आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसला होता. पुण्याहून एमएस करायला अमेरिकेत आलेला, मग मावनी, म्हणजे खास कौशल्य असलेल्या परदेशी लोकांना अमेरिकी सैन्यात घेणाऱ्या, योजनेतून आर्मीत भरती झालेला. आता फौजेतून बाहेर पडून त्याला पायलट व्हायचं होतं. त्याच्या डाव्या हाताला व्हीएचं, म्हणजे इथल्या माजी सैनिक खात्याचं, अपंगत्व भरपाईच्या क्लेमवर दिलेल्या रेटिंगचं पत्र होतं: कानात सतत वाजणाऱ्या आवाजासाठी १० टक्के, कंबरेसाठी २०, चिंताविकारासाठी ३०. समोर पडद्यावर एफएएचा, म्हणजे इथल्या नागरी विमान वाहतूक खात्याचा, मेडएक्सप्रेस अर्ज होता, पायलटच्या वैद्यकीय प्रमाणपत्रासाठीचा (याला सगळे नुसतं ‘मेडिकल’ म्हणतात), प्रश्न १८. ‘कोणत्याही प्रकारचा मानसिक विकार’ या ओळीपुढे त्याने ‘नाही’वर खूण केली होती.

“अरे, हे काय?”

“दादा, मी कुठे आजारी आहे? गोळी नाही, डॉक्टर नाही. ते आपलं क्लेमसाठी होतं.”

त्याच्या मनात लबाडी नव्हती. त्याला खरंच तसं वाटत होतं. मी स्वतः इथल्या नौदलात काही वर्षं काढली, आता टेक्सासात विमान चालवायला शिकवतो, आणि ‘ते क्लेमसाठी होतं’ हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की ते कानावर आलं की माझ्या पोटात गोळा येतो. आपल्याकडची मुलं आता इथल्या सैन्यात जातात, बाहेर पडून विमानाकडे वळतात, आणि या दोन खात्यांच्या मधल्या फटीत अडकतात. त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. पण कोणत्या क्रमाने काय करायचं हे अनुभवाने नीट सांगू शकतो.

ही फट एवढी महाग का पडते

व्हीए आणि एफएए ही दोन वेगळी खाती असली तरी सरकार एकच आहे, आणि त्यांच्या नोंदी एकमेकींशी ताडून बघता येतात. हे पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर घडलं ते २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत, कॅलिफोर्नियात. ‘ऑपरेशन सेफ पायलट’ नावाच्या तपासात सोशल सिक्युरिटीच्या अपंगत्व लाभांची यादी पायलटांच्या यादीशी जुळवली गेली. त्यात सापडलेल्या एका पायलटाचा खटला थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१२ मध्ये निकाल सरकारच्या बाजूने लागला. त्यानंतर २०२३ मध्ये बातमी आली की व्हीएचे लाभ घेणाऱ्या सुमारे ४,८०० पायलटांनी एफएएला अपुरी किंवा चुकीची माहिती दिली असावी, असा संशय होता. तोवर जवळपास निम्मी प्रकरणं निकाली निघाली होती आणि सुमारे ६० जणांना तातडीने उड्डाण थांबवायला सांगितलं होतं.

या आकड्यांत माझ्या मते महत्त्वाची गोष्ट दुसरीच आहे. हजारोंच्या यादीतल्या मोजक्याच लोकांना जमिनीवर उतरवावं लागलं. बाकीच्या कितीतरी जणांचा आजार उड्डाणाच्या आड येणारा नव्हताच. सांगितला असता तर विषय तिथेच संपला असता. न सांगितल्यामुळे चौकशी मागे लागली.

शिक्षाही हलकी नाही. अर्जावर खोटं लिहिणं हा केंद्रीय गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड. शिवाय नियम ६७.४०३ खाली फक्त मेडिकल नाही, तुमचं पायलट सर्टिफिकेटसुद्धा जाऊ शकतं. म्हणजे शेकडो तासांची मेहनत एका खुणेपायी पुसली जाते.

आधी दोन्ही खात्यांची मोजपट्टी समजून घ्या

व्हीए बघते की सेवेमुळे झालेल्या दुखापतीने किंवा आजाराने माणसाच्या कमाईच्या क्षमतेवर सरासरी किती परिणाम होतो. त्यावरून शून्य ते शंभर, दहा-दहाच्या टप्प्यांनी टक्केवारी ठरते. या टक्क्यांची साधी बेरीज होत नाही. आमच्या मुलाचे ३०, २० आणि १० मिळून ६० व्हायला हवेत असं वाटतं. पण ३० टक्के गेल्यावर उरलेल्या ७० मधले २० टक्के, म्हणजे १४, मिळून ४४. उरलेल्या ५६ मधले १० टक्के, म्हणजे साडेपाचच्या आसपास. एकूण जेमतेम पन्नास, म्हणून रेटिंग ५०.

एफएएला या टक्क्यांशी फारसं देणंघेणं नसतं. तिचा प्रश्न एवढाच असतो: हा माणूस हवेत अचानक निकामी होईल का? त्याचं लक्ष, निर्णय, शुद्ध हरपेल का? म्हणूनच गुडघ्याला ४० टक्के मिळालेला माणूस सहज मेडिकल घेऊन जातो आणि ज्याला ३० टक्के अर्धशिशीसाठी मिळालेत तो अडकतो. शून्य टक्केवाल्यांचा इथे हमखास घोटाळा होतो. शून्य टक्के म्हणजे पैसे नाहीत, पण निदान आहे. आणि निदान आहे तर ते अर्जात यायलाच हवं.

भारतात फौजेतून निवृत्त झालेले काका-मामा घरात असतील तर त्यांचा सल्ला प्रेमाने ऐका, पण तिथल्या डिसॅबिलिटी पेन्शनचा आणि मेडिकल बोर्डाचा हिशोब इथे लावू नका. व्यवस्था वेगळी आहे.

पहिली पायरी: अर्ज उघडण्याआधी स्वतःची फाइल वाचा

हे कोणीच करत नाही, आणि सगळं इथेच बिघडतं. रेटिंगचं पत्र सगळ्यांकडे असतं. त्यामागची तपासणी काय म्हणते हे फार थोड्यांनी वाचलेलं असतं.

काय काय हाताशी हवं? रेटिंगचा संपूर्ण निर्णय, पहिलं पान नव्हे तर कारणमीमांसेसकट. सीअँडपी, म्हणजे क्लेमसाठी व्हीए करवते त्या तपासणीचा अहवाल. सेवेतल्या वैद्यकीय नोंदी. डीडी-२१४, म्हणजे फौजेतून सुटल्याचा दाखला. व्हीएच्या दवाखान्यात जात असाल तर तिथल्या ऑनलाइन खात्यातून उतरवलेल्या नोंदी. पूर्ण क्लेम फाइल हवी असेल तर २०-१०२०६ हा अर्ज भरून मागवता येते. ती यायला वेळ लागतो, म्हणून सर्वांत आधी हाच अर्ज टाका.

फाइल आली की पेन्सिल घेऊन बसा. त्या मुलाची फाइल आम्ही दोघांनी मिळून वाचली. मानसिक आरोग्याच्या फॉर्मवर एक लांबलचक लक्षणांची यादी असते आणि परीक्षक एकेका चौकोनात खूण करत जातो: झोप न लागणं, पॅनिक अटॅक, विस्मरण, संशय, आत्महत्येचे विचार. त्याच्या यादीत तीन खुणा होत्या. त्यातली एक ‘पॅनिक अटॅक, आठवड्यातून एक किंवा कमी’. तो बराच वेळ त्या चौकोनाकडे बघत राहिला. “मी फक्त म्हणालो होतो की भरतीच्या वेळी छातीत धडधडायचं.” वीस मिनिटांच्या तपासणीत बोललेलं एक वाक्य चौकोनातली खूण होऊन बसलं होतं, आणि कागदावर ते आजही चालू असल्यासारखं दिसत होतं.

एफएएच्या डॉक्टरने हा कागद मागितला तर हाच चौकोन त्याच्या नजरेस पडणार. म्हणून तो तुमच्या नजरेस आधी पडायला हवा. नोंद खरोखर चुकीची असेल तर संबंधित व्हीए केंद्राच्या प्रायव्हसी ऑफिसरकडे दुरुस्तीचा लेखी अर्ज करता येतो. बरोबर असेल तर ती बरोबर आहे, आणि पुढची सगळी आखणी ती धरूनच करायची.

दुसरी पायरी: कुठलं मेडिकल हवंय ते ठरवा

एअरलाइनमध्ये जायचं असेल तर फर्स्ट क्लास, इतर व्यावसायिक उड्डाणाला सेकंड क्लास, हौसेला थर्ड क्लास. जीआय बिलच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या शिक्षणासाठीच्या सरकारी मदतीच्या, पैशांवर व्यावसायिक प्रशिक्षण घ्यायचं असेल तर व्हीए स्वतःच प्रायव्हेट पायलट लायसन्स आणि निदान सेकंड क्लास मेडिकल मागते. त्यामुळे करिअरच करायचं असेल तर मेडिकलचा प्रश्न पदरचे पैसे घालण्याआधी सोडवा. चाळीस तास उडवून झाल्यावर मेडिकल अडकलेलं बघणं फार वाईट असतं.

हौशी लोकांसाठी २०१७ पासून नेहमीच्या मेडिकलऐवजी बेसिकमेड ही सोय आहे. पण १४ जुलै २००६ नंतर कधीतरी एकदा एफएएचं मेडिकल मिळालेलं असावं लागतं आणि शेवटचा अर्ज नाकारलेला नसावा लागतो. नवख्याला त्यामुळे निदान एकदा तरी नेहमीच्या दारातूनच जावं लागतं. ड्रायव्हिंग लायसन्सवर उडवायची स्पोर्ट पायलटची वाट आहे, पण तुमचा अर्ज एकदा नाकारला गेला की ती वाटही बंद होते. म्हणून ‘बघू तरी टाकून, काय होतंय’ असा अर्ज कधीही टाकू नका.

तिसरी पायरी: एएमईकडे आधी नुसतं बोलायला जा

माझ्या मते सगळ्यात उपयोगी पायरी हीच. एएमई म्हणजे एफएएने नेमलेला तपासणी डॉक्टर. मेडएक्सप्रेसचा अर्ज भरला की एक कन्फर्मेशन नंबर मिळतो. तो नंबर डॉक्टरने आपल्या संगणकात टाकून अर्ज उघडला की तपासणी अधिकृतपणे सुरू होते आणि तिचा काहीतरी निकाल लागावाच लागतो: मेडिकल द्यायचं, डिफर करायचं म्हणजे एफएएकडे वर पाठवायचं, किंवा नाकारायचं.

तेव्हा आधी फोन करा, सरळ म्हणा, “मला कन्सल्ट हवंय, एक्झाम नको.” फी द्यावी लागेल, द्या. नंबर देऊ नका. सगळे कागद टेबलावर ठेवा आणि विचारा: यातलं तुम्ही स्वतः पास करू शकता असं काय आहे, काय वर जाईल, आणि वर जाणार असेल तर सोबत कोणते रिपोर्ट आधीच जोडता येतील? मानसिक आरोग्य, औषधं किंवा दारूचा प्रश्न असेल तर हिम्स हे अशाच प्रकरणांसाठीचं खास प्रशिक्षण घेतलेलाच एएमई शोधा. बाकीच्यांना या प्रकरणांचा सराव कमी असतो.

“हात दाखवून अवलक्षण कशाला” ही आपली म्हण या वेळी अनेकांच्या तोंडी येते. कन्सल्टमध्ये तुम्ही एफएएला काहीच कळवलेलं नसतं, फक्त जाणकाराकडून फाइल वाचून घेता.

कुठला आजार किती जड

कानातला आवाज हा व्हीएकडे सर्वांत जास्त नोंदला जाणारा त्रास, ठरलेले १० टक्के. चक्कर येत नसेल आणि सहा फुटांवरचं साधं बोलणं ऐकू येत असेल तर मेडिकल सहसा अडत नाही. गुडघा, खांदा, कंबर: हालचाल पुरेशी आहे का आणि कुठली गोळी घेता, एवढंच. मात्र गोळीकडे नीट बघा. मज्जातंतूंच्या दुखण्यावर व्हीए सर्रास देते ते गॅबापेंटिन मुळात फिट्सवरचं औषध आहे, आणि फिट्सवरची औषधं दुसऱ्या कारणासाठी घेतली तरी एफएएला चालत नाहीत. कंबर आड येत नाही, कंबरेची गोळी आड येते.

स्लीप अॅप्निआ म्हणजे झोपेत श्वास थांबणं; त्यासाठी श्वास चालू ठेवणारं सीपॅप मशीन लागत असेल तर व्हीएचे ५० टक्के. एफएएकडे यासाठी ठरलेली वाट आहे: मशीन रोज वापरता याचा डेटा दाखवायचा. किमान ७५ टक्के रात्री, सरासरी किमान सहा तास. मशीन कपाटात ठेवून ५० टक्के घेणारे लोक मला माहीत आहेत. त्यांच्यापाशी दाखवायला डेटाच नसतो.

अर्धशिशी आणि डोक्याला मार लागल्याचा इतिहास ही गंभीर प्रकरणं. इथे न्यूरॉलॉजिस्टचा ताजा रिपोर्ट नसताना अर्ज करूच नका.

राहता राहिलं मन. याबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण मुलं सर्वांत जास्त इथेच लपवतात. एफएएचं धोरण पूर्वी खूप कडक होतं, पण आता तसं उरलेलं नाही. २०१० पासून नैराश्यावरच्या चार ठरावीक औषधांसह स्पेशल इश्यूअन्स, म्हणजे अटींवर दिलेलं मेडिकल, मिळू शकतं. नंतर औषधांची यादी वाढली. २०२४ मध्ये साध्या, गुंतागुंत नसलेल्या चिंता-नैराश्याच्या प्रकरणांत, निकषांत बसत असेल तर, एएमईला स्वतःच मेडिकल देण्याची मुभा मिळाली. पीटीएसडी, म्हणजे आघातानंतरच्या तणावविकारासाठी, वेगळी प्रश्नावली आहे. दार उघडं आहे.

पण एक खरी पेचाची जागा आहे. व्हीए तुम्हाला दरमहा पैसे देते ते ‘आज त्रास आहे’ म्हणून. एएमईसमोर तुम्ही म्हणता ‘आज काहीच त्रास नाही’. दोन्ही एकाच वेळी खरं कसं असेल? स्वतःला प्रामाणिकपणे विचारा. त्रास खरंच ओसरला असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडून ताजं मूल्यमापन करून घ्या, तारखांसह: कधी सुरू झालं, उपचार कधी थांबले, तेव्हापासून कसं आहे. पुढे व्हीएने पुन्हा तपासणीला बोलावलं आणि रेटिंग कमी झालं तर ते मान्य करायची तयारी ठेवा. त्रास अजून असेल तर उपचार घ्या आणि स्पेशल इश्यूअन्सच्या वाटेने जा. उपचार चुकवून स्वच्छ फाइल राखणारा पायलट मला सर्वांत जास्त भीतिदायक वाटतो. मी त्याच्या शेजारच्या सीटवर बसतो.

‘काम करायला पूर्ण असमर्थ’ म्हणून व्हीएकडून शंभर टक्क्यांच्या दराने पैसे घेणं आणि त्याच वेळी फर्स्ट क्लास मेडिकल मागणं, हे मात्र कुठल्याही रिपोर्टने जुळणार नाही.

चौथी पायरी: अर्ज भरणं

प्रश्न १८ ‘सध्या’ एवढ्यापुरता नाही. आयुष्यात कधीही निदान झालंय का, असं तो विचारतो. व्हीएच्या यादीतला प्रत्येक आजार त्याच्या त्याच्या ओळीत गेला पाहिजे. १८-वाय ही ओळ अपंगत्वाच्या लाभांची; रक्कम किती का असेना, लाभ मिळत असेल तर ‘हो’. वैद्यकीय कारणाने फौजेतून सुटला असाल तर १८-आर. प्रश्न १७ मध्ये सगळी औषधं, दुकानातून आणलेल्या झोपेच्या गोळीसकट. प्रश्न १९ मध्ये गेल्या तीन वर्षांतल्या डॉक्टर, मानसतज्ज्ञ, समाजसेवक यांच्या भेटी. सीअँडपी तपासणी ही तपासणीच आहे, तीही इथे लिहा. लोक हीच विसरतात.

खुलाशाच्या चौकटीत कहाणी लिहू नका. आजार, वर्ष, उपचार, आजची स्थिती, औषध, व्हीएचे टक्के. दोन ओळी पुरे.

डिफर झालं तर घाबरू नका, तो नकार नव्हे. फाइल ओक्लाहोमा सिटीला, एफएएच्या वैद्यकीय विभागाकडे, जाते आणि तिथून पत्र येतं. त्या पत्रात मुदत असते. मुदत चुकली तर मात्र अर्ज नाकारला जाऊ शकतो. पत्ता बदलला तर लगेच कळवा.

आधीच ‘नाही’ लिहून बसला असाल तर

पुढच्या अर्जात गुपचूप ‘हो’ करू नका आणि रात्री बसून एफएएला मेलही लिहू नका. आधी विमान वाहतूक कायद्याचा वकील गाठा. एओपीए या पायलटांच्या संघटनेच्या कायदेशीर सेवेचे सभासद असाल तर तिथे फोन करा. स्वतःहून दुरुस्ती कशी, कोणत्या शब्दांत, कोणत्या कागदांसह द्यायची हे तो सांगेल. तोवर उडायचं की नाही हे नियम ६१.५३ ठरवतो: उड्डाणाला बाधक असा आजार किंवा औषध आहे हे माहीत असेल तर खिशात मेडिकल असूनही उडता येत नाही.

आणि क्लेम सोडू नका

एवढं वाचून कोणी म्हणेल, मग व्हीएकडे जायलाच नको. असं करू नका. हे पैसे तुमचे कान, तुमची कंबर आणि तुमची झोप गेली त्याचे आहेत. अजून सेवेत असाल तर बाहेर पडण्याआधी १८० ते ९० दिवसांत क्लेम टाकता येतो, तेव्हा कागद ताजे असतात. बाहेर पडला असाल तर ‘इंटेंट टू फाइल’, म्हणजे क्लेम करणार असल्याची सूचना, नोंदवा, पूर्ण क्लेमसाठी वर्षभर मिळतं आणि तारीख राखली जाते.

फक्त क्लेममध्ये तेवढंच लिहा जे एएमईसमोर जसंच्या तसं वाचून दाखवू शकाल. डीएव्ही, अमेरिकन लीजन, व्हीएफडब्ल्यू या माजी सैनिकांच्या संघटनांचे अधिकृत प्रतिनिधी मोफत मदत करतात. पहिल्या क्लेमसाठी फी मागणाऱ्याला, ‘आणखी दोन आजार जोडू, टक्के वाढतील’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. तो पैसे घेऊन जाईल आणि ते दोन आजार आयुष्यभर तुमच्या फाइलमध्ये राहतील.

त्या रात्री मुलाने ‘नाही’ पुसून ‘हो’ केलं, खुलासा लिहिला, पण अर्ज सादर केला नाही. आधी क्लेम फाइलचा अर्ज, मग मानसोपचारतज्ज्ञाची अपॉइंटमेंट, मग हिम्स एएमईकडे कन्सल्ट. त्याने एक जाड निळी फाइल केली आहे. सगळ्यात वर, बाकीच्या कागदांच्या आधी, त्या तीन खुणांचा अहवाल ठेवला आहे आणि त्याला त्याचं स्वतःचं अर्ध्या पानाचं स्पष्टीकरण टाचलं आहे.